विकतचा कायदा

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे एका शाळेला आग लागली. खरे तर त्या एकाच इमारतीत तीन शाळा भरत होत्या. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातला भडका वरच्या मजल्यावरच्या झापांच्या छपरापर्यंत पोचला. जिना अरुंद होता. ९४ मुले गेली, त्यातली बहुतेक प्राथमिक वर्गांतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १३ एप्रिल २००९ रोजी 'अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निकाल लागला. सुरक्षित शाळेत शिकणे हा मुलांचा मूलभूत हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. शाळेला मान्यता देण्याआधी तिची इमारत 'नॅशनल बिल्डिंग कोड'मधल्या सुरक्षेच्या निकषांप्रमाणे आहे याची खात्री करून घ्या, असा आदेश राज्यांना दिला.

आदेश चांगला होता. त्याची अंमलबजावणी होते की नाही हे बघण्याचा पहिला हक्क कोणाचा? ज्यांची मुले त्या शाळेत जातात त्यांचा. जिना किती रुंद हवा, वर्गातून बाहेर पडायला किती दारे हवीत, छपराला काय चालते आणि काय चालत नाही, हे पालकांना ठाऊक असेल तर ते मुख्याध्यापकांना विचारू शकतात. पण ही उत्तरे ज्या कोडमध्ये होती, त्याची भारतीय मानक ब्यूरोने, म्हणजे बीआयएसने, ठेवलेली किंमत त्या काळी १३,७६० रुपये होती. न्यायालयाने जो ग्रंथ देशातल्या प्रत्येक शाळेवर बंधनकारक केला, तो विकत घ्यायला मोलमजुरी करणाऱ्या घराचे कित्येक महिन्यांचे किराणा-भाडे गेले असते. विकत घेऊन त्याच्या झेरॉक्स काढून गावात वाटाव्यात, तर त्याला कायद्याने बंदी.

ही बंदी आजही कायद्यात आहे. २०१६ च्या बीआयएस कायद्यानुसार प्रत्येक भारतीय मानकाचा कॉपीराइट ब्यूरोकडे आहे आणि ब्यूरोच्या परवानगीवाचून मानक किंवा त्याचा भागही कोणी छापू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. स्वतःच्या वापरासाठी एक प्रत काढता येते, एवढीच सूट.

मानक कायदा कसे बनते, ही वाट सामान्य वाचकाला सहसा कोणी दाखवत नाही. ब्यूरोच्या समित्यांवर अभियंते, प्राध्यापक, कारखानदार, प्रयोगशाळांतले लोक बसतात. हेल्मेटने किती आघात सोसला पाहिजे, वायरीवरचे आवरण किती जाड हवे, पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक किती चालेल, हे ते ठरवतात. त्याला क्रमांक मिळतो: हेल्मेटसाठी आयएस ४१५१, पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५००, घरातल्या वायरिंगसाठी आयएस ७३२. या टप्प्यावर ते पाळणे ऐच्छिक असते. मग एक दिवस सरकार राजपत्रात आदेश काढते की अमुक वस्तू तमुक मानकानुसारच असली पाहिजे. मुलांच्या खेळण्यांबाबत तसा आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्या दिवसापासून ते मानक न पाळणे हा गुन्हा.

राजपत्रात मात्र छापून येतो तो फक्त क्रमांक. मानकाचा मजकूर येत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक शहाणी तरतूद आहे. राजपत्रातला मजकूर कोणीही पुन्हा छापू शकतो, न्यायालयांचे निकाल छापू शकतो, त्याने कॉपीराइटचा भंग होत नाही. म्हणजे राज्य ज्या शब्दांनी आपल्याला बांधते ते शब्द सर्वांचे, हे आपल्या कायद्याला पूर्वीपासून मान्य आहे. तरीही सुरक्षेच्या बाबतीत या तरतुदीचा उपयोग होत नाही, कारण राजपत्रात आहे तो क्रमांक तुम्ही हजार वेळा छापलात तरी जिना किती रुंद हवा हे कळत नाही.

यावर आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. जयपूर संस्थानात महाराज अज्ञान असताना मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये एका ठरावाने अफूचा कायदा केला. तो कधीच जाहीर केला नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्या कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचले. १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला. हे बोस म्हणजे नागपूरचे, तिथेच वकिली केलेले आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. लोकांपर्यंत कोणत्याही वाजवी मार्गाने न पोचलेल्या कायद्याखाली माणसाला शिक्षा देणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असे त्यांनी ठरवले आणि हरलाची शिक्षा रद्द झाली. पन्नास रुपयांच्या दंडावरून देशाला मिळालेले हे तत्त्व आहे. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, हे आपण सगळे मान्य करतो. पण ही सबब नाकारण्याचा अधिकार राज्याला तेव्हाच मिळतो, जेव्हा त्याने कायदा वाचता येईल असा समोर ठेवलेला असतो.

हा प्रश्न जगात सर्वांत जास्त लढला गेला तो अमेरिकेत, कारण तिथे ही मानके सरकारी ब्यूरो करत नाही, खाजगी संघटना करतात. त्यांची परंपरा मोठी आणि आदराने बघावी अशी आहे. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहर पेटले. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले. पण त्यांच्या पाइपांची तोंडे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात, कारण प्रत्येक शहराचा आटा वेगळा. पाणी होते, माणसे होती, बंब होते, आणि तरी १,५०० हून जास्त इमारती जळून गेल्या. त्यानंतर नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने, म्हणजे एनएफपीएने, पाइपांच्या जोडणीचे एकच माप ठरवले. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन इथे बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ कामगार मेले. त्यातून बॉयलरचा कायदा आणि यांत्रिक अभियंत्यांच्या संघटनेचा बॉयलर कोड जन्मला. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात कुलूपबंद दारांमागे १४६ जीव गेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. सुरक्षेच्या कोडमधल्या कित्येक कलमांमागे असे मृत्यू आहेत. म्हणूनच त्यांवर मालकी सांगितली की मन दुखते.

या संघटनांचे म्हणणे साधे आहे. समित्या चालवायला पैसा लागतो, तो पुस्तके विकून येतो. पुस्तके फुकट वाटली तर कोड लिहिणार कोण? हा प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकता येत नाही.

टेक्ससमधल्या पीटर वीक यांनी या मालकीच्या दाव्याला पहिला मोठा धक्का दिला. उत्तर टेक्ससची माहिती देणारे एक बिनव्यापारी संकेतस्थळ ते चालवत. ॲना आणि सॅव्हॉय या दोन छोट्या गावांनी एका खाजगी संघटनेचा बांधकाम कोड जसाच्या तसा गावाचा कायदा म्हणून स्वीकारला होता. वीक यांनी ७२ डॉलर देऊन तो घेतला आणि दोन्ही गावांचा कायदा म्हणून आपल्या संकेतस्थळावर टाकला. संघटनेने कॉपीराइटचा दावा लावला. वीक खाली हरले, अपीलातही एकदा हरले. मग अपील न्यायालयाच्या सर्व न्यायाधीशांच्या पीठाने २००२ मध्ये ९ विरुद्ध ६ अशा मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला: गावाने कायदा म्हणून स्वीकारलेला मजकूर हा कायदाच आहे आणि कायद्याचा मालक कोणी नसतो. न्यायालयाला हे तत्त्व नव्याने शोधावे लागले नाही. न्यायाधीशांच्या निकालपत्रांवर कॉपीराइट असू शकत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८३४ मध्ये आणि पुन्हा १८८८ मध्ये सांगितले होते.

वीक यांच्या खटल्यात कोड संपूर्णपणे कायद्यात उतरवला होता. बहुतेक वेळा तसे घडत नाही. सरकार आपल्यासारखाच नुसता क्रमांक देते. संघराज्याच्या नियमांत अशी हजारो मानके क्रमांकाने शिरलेली आहेत. ती लोकांना 'वाजवी प्रकारे उपलब्ध' असावीत अशी तिथे अट आहे, आणि ती कशी पाळली जाते? एक प्रत वॉशिंग्टनच्या सरकारी कार्यालयात ठेवलेली असते. आधी वेळ ठरवून जायचे आणि तिथे बसून वाचायचे. अलास्कातल्या किंवा हवाईतल्या माणसाने काय करायचे, याचे उत्तर त्या अटीत नाही.

इथे कार्ल मालामुड यांचे नाव येते. कॅलिफोर्नियातला हा गृहस्थ वकील नाही. इंटरनेटच्या सुरुवातीच्या दिवसांत कंपन्यांची सरकारजमा कागदपत्रे त्याने लोकांसाठी फुकट खुली केली, आणि शेवटी सरकारला ते काम स्वतःकडे घ्यावे लागले. २००७ मध्ये त्याने 'पब्लिक रिसोर्स' ही ना-नफा संस्था काढली. पद्धत सरळ: कायद्याने बंधनकारक झालेले मानक रीतसर पैसे मोजून विकत घ्यायचे, स्कॅन करायचे, लागेल तिथे पुन्हा टाइप करायचे, आकृत्या नव्याने काढायच्या, म्हणजे शोध घेता येईल आणि अंध माणसालाही यंत्राकडून ऐकता येईल. मग उघडपणे, स्वतःच्या नावाने, सर्वांसाठी ठेवायचे. कोणी दावा लावला तर कोर्टात उभे राहायचे.

दावे लागलेच. जॉर्जिया राज्याच्या अधिकृत कायदेसंग्रहाचे १८० हून अधिक खंड त्याने विकत घेऊन खुले केले. राज्याने आपल्या तक्रारीत त्याच्या पद्धतीची तुलना दहशतवादाशी केली. कायद्याची कलमे फुकट देतो, पण टिपा आमच्या मालकीच्या, असे राज्याचे म्हणणे होते. आणि त्या टिपांमध्ये काय होते? कोणते कलम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून मोडीत काढले आहे, ही माहिती. पैसे नसलेल्या माणसाला मेलेले कलम जिवंत वाटणार. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी राज्याचे म्हणणे नाकारले. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की विधिमंडळ आपले काम म्हणून जे लिहिते त्याचा ग्रंथकर्ता म्हणून ते कॉपीराइट मागू शकत नाही.

त्याहून लांब चालला तो एएसटीएम, एनएफपीए आणि ॲशरे या तीन मोठ्या मानक संघटनांचा २०१३ चा दावा. २०१७ मध्ये मालामुड हरला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवून प्रकरण परत पाठवले. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सांगितले की कायद्यात आलेली मानके नफ्याविना लोकांसमोर ठेवणे हा रास्त वापर आहे. पुस्तके फुकट गेली तर कोड लिहिणार कोण, या प्रश्नाचे उत्तर मला याच निकालात सापडते. मालामुडची संस्था पंधरा वर्षे ही मानके खुली ठेवत आली होती. एवढ्या काळात आपल्या विक्रीला त्यामुळे तोटा झाला, असे दाखवणारा एकही धड आर्थिक पुरावा संघटनांना देता आला नाही. अभियंता आणि कंत्राटदार नवी, अधिकृत प्रत विकत घेतातच. फुकट वाचणारा माणूस बहुधा ती कधीच विकत घेणार नसतो.

संघटनांनी मग काँग्रेसकडे मोर्चा वळवला. कायद्यात आलेल्या मानकांवरही कॉपीराइट राहील, वाचायला फुकट ठेवले की पुरे, असे विधेयक आले. २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहात त्याला लागणारे दोन-तृतीयांश बहुमत मिळाले नाही. 'वाचायला फुकट' हे ऐकायला उदार वाटते. प्रत्यक्षात उतरवून घेता येत नाही, छापता येत नाही, शेजाऱ्याला पाठवता येत नाही आणि न्यायालयात जोडता येत नाही. जो कायदा तुम्ही हातात धरून अधिकाऱ्यापुढे ठेवू शकत नाही, तो अर्धाच मिळालेला असतो.

त्याच वर्षी युरोपनेही दार उघडले. मुख्यतः खेळण्यांच्या सुरक्षेची अशी चार मानके मालामुडने युरोपीय आयोगाकडे मागितली होती, आयोगाने कॉपीराइटचे कारण देऊन ती नाकारली. ५ मार्च २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरवले की ही मानके युरोपीय कायद्याचाच भाग आहेत आणि ती उघड करण्यात वरचढ असे लोकहित आहे.

भारतात मालामुड याआधीच पोचला होता. त्याने बीआयएसची सुमारे १९,००० मानके विकत घेऊन २०१३ पासून सर्वांसाठी खुली केली. ब्यूरोने आक्षेप घेतला आणि पुढे त्याला मानके देणेच थांबवले. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. मालामुडबरोबर याचिकाकर्ते होते 'इंडियन कानून' हे निकालांचे मोफत भांडार उभे करणारे सुशांत सिन्हा आणि सरकारी माहिती खुली व्हावी म्हणून झटणारे श्रीनिवास कोडाली. मालामुडने या लढ्याला 'कोड स्वराज' म्हटले आणि सॅम पित्रोदांबरोबर त्याच नावाचे पुस्तक केले. नावामागे गांधीजींचे 'हिंद स्वराज' आहे. मुंबई सरकारने १९१० मध्ये त्याच्या गुजराती आवृत्तीवर बंदी घातली, तेव्हा गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत इंग्रजी आवृत्ती काढली आणि तिच्यावर छापले की कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत.

आपल्या मराठवाड्याकडे या बाजूने बघायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसे मेली. ती धक्क्याने मेली नाहीत, दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद अंगावर कोसळून मेली. तोवर किल्लारीचा परिसर भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत तो वरच्या पट्ट्यात गेला. आणि त्याच १९९३ सालची दोन मानके आहेत: मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७ आणि कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी आयएस १३८२८. भिंतीची उंची आणि जाडी यांचे प्रमाण, दाराखिडक्या कोपऱ्यापासून किती दूर, पट्टा कुठे बांधायचा, दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड किती अंतरावर घालायचे, हे सगळे आकृत्यांसह त्यांत आहे. मातीचे घर बांधणाऱ्या माणसासाठी लिहिलेले मानक. ते इंग्रजीत, कॉपीराइटखाली, दिल्लीच्या ब्यूरोकडून पैसे भरून मागवायचे. औसा किंवा उमरग्याचा कोणता गवंडी ते मागवणार होता? ज्या तज्ज्ञांनी ते लिहिले त्यांनी आपले काम चोख केले होते. ते ज्याच्यासाठी लिहिले त्याच्या हाती पडू नये अशी व्यवस्था मात्र आपण वर्षानुवर्षे चालू ठेवली.

आता परिस्थिती बरीच बदलली आहे. बीआयएसच्या पोर्टलवर नाव नोंदवून देशात तयार झालेली मानके विनामूल्य उतरवून घेता येतात. हे मोठे पाऊल आहे आणि ब्यूरोचे त्यासाठी मनापासून कौतुक केले पाहिजे. ब्यूरोचे मुख्य उत्पन्न आयएसआय चिन्ह आणि हॉलमार्किंगसारख्या प्रमाणनातून येते, पुस्तकांच्या विक्रीतून नव्हे, त्यामुळे हे पाऊल पूर्वीही टाकता आले असते. आणि ते अपुरे आहे. आंतरराष्ट्रीय संघटनांची जशीच्या तशी उचललेली मानके या सवलतीत येत नाहीत. उतरवलेल्या प्रतीच्या पानांवर उतरवणाऱ्याचे नाव छापलेले येते. पुन्हा छापण्याची बंदी कायद्यात तशीच आहे. म्हणजे आयएस १३८२७ मधल्या आकृत्यांचा मराठी तक्ता करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा, तर आजही परवानगी मागावी लागेल.

महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे आणि तो नॅशनल बिल्डिंग कोडच्या आधाराने उभा आहे. इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने, म्हणजे गृहनिर्माण सोसायटीत तुमच्या-माझ्या कमिटीने, आगीची यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. त्यालाच बी फॉर्म म्हणतात. एजन्सीचा माणूस येतो, सिलिंडर बघतो, सही करतो. त्याने काय तपासायला हवे होते हे कमिटीत कोणाला ठाऊक नसते. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतल्या कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बाळे गेली. या आगी कोड महाग होता म्हणून लागल्या असे मी म्हणणार नाही. त्या बेपर्वाईने लागल्या. पण ज्याला नियम वाचता येतो तोच बेपर्वाई वेळेत पकडू शकतो. तपासणीचे सगळे ओझे दोन-चार निरीक्षकांवर टाकून आणि नियम बाकी सर्वांपासून दूर ठेवून कोणतेही शहर सुरक्षित राहणार नाही.

या कामी आपल्या हातात एक चांगले साधन आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ९ नुसार कॉपीराइटचे कारण देऊन माहिती नाकारता येते, पण तो कॉपीराइट राज्याखेरीज दुसऱ्या कोणाचा असेल तरच. बीआयएस ही संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे, तेव्हा भारतीय मानकाबाबत ही सबब टिकू नये. कलम ४ तर सांगते की माहिती मागण्याची वाट न बघता आणि स्थानिक भाषेचा विचार करून लोकांपुढे ठेवावी. राज्य सरकारने हे कलम मनावर घ्यावे. नियमात ज्या मानकाचा क्रमांक दिला असेल त्याचा पूर्ण मजकूर त्याच पानावर जोडावा, घर, शाळा, दवाखाना आणि पाणी यांच्याशी संबंधित भाग मराठीत करावेत, आणि ते पुन्हा छापायची मोकळीक ब्यूरोकडून मिळवावी. केंद्राने २०१६ च्या कायद्यातली छपाईबंदी राजपत्रात आलेल्या मानकांपुरती तरी उठवावी.

तोवर वाचकहो, येत्या जानेवारीत सोसायटीचा बी फॉर्म भरला जाईल. त्याआधी बीआयएसच्या पोर्टलवरून आयएस २१९० उतरवून घ्या. आग विझवण्याचे सिलिंडर कुठे, कसे लावायचे आणि किती दिवसांनी तपासायचे, ते त्यात आहे. कमिटीच्या सभेत ते वाचून दाखवा आणि एजन्सीचा माणूस आला की ते हातात घेऊन त्याच्याबरोबर प्रत्येक मजल्यावर जा. मुलांच्या शाळेतही हेच करा. कोणी मजकूर द्यायला नकार दिला, तर कलम ४ आणि कलम ९ चा हवाला देऊन माहिती अधिकारात अर्ज टाका. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.